यार्डात वीज किती वाटांनी येते? ११ केव्हीच्या शटडाऊनआधीची तयारी

अक्कलकोट_रोड

नमस्कार मंडळी. मी एमआयडीसीत एका टॉवेल युनिटला इलेक्ट्रिकल मेन्टेनन्स बघतो. आमच्याकडं ११ केव्हीचं (११ हजार व्होल्टचं) कनेक्शन आहे, म्हणजे बाहेर यार्डात डबल पोल, त्यावर एबी स्विच (हँडलनं उघडायचा लाईनचा स्विच), मग मीटरिंग क्युबिकल (मीटरची पेटी), व्हीसीबी (लोड तोडणारा ब्रेकर), ट्रान्सफॉर्मर आणि आत एलटी (४१५ व्होल्टचं) पॅनेल, सोबत डीजी (डिझेल जनरेटर) आणि शेडवर सोलर. उन्हाळ्यात एक दिवस शटडाऊन घेऊन यार्ड साफ करायचं असतं, बुशिंग (ट्रान्सफॉर्मरवरचे इन्सुलेटर, ज्यातनं तार आत जाते) पुसायचे, तेल बघायचं, नटबोल्ट आवळायचे, रिलेचं (बिघाड ओळखून ब्रेकर पाडतो तो) टेस्टिंग करून घ्यायचं. या वेळी आयटीआय झालेली नवीन पोरं आहेत, ठेकेदाराची माणसं पण येणार, त्यांना आदल्या दिवशी बसवून सांगायला मी जे काढलंय ते इथं टाकतोय. जाणकारांनी भर घालावी.

मी पोरांना पहिल्यांदा हत्यारं, हेल्मेट काहीच सांगणार नाही. एक कोरा कागद देणार आणि म्हणणार, तू उद्या ट्रान्सफॉर्मरच्या एचटी (११ केव्हीच्या बाजूच्या) बुशिंगला हात लावणारेस, तर त्या बुशिंगवर वीज कुठनं कुठनं येऊ शकते तेवढं लिही. बहुतेक जण एकच लिहितात, महावितरणची लाईन. ती तर आहेच, पण आमच्या यार्डात मी मोजल्या तर वाटा बऱ्याच निघाल्या.

डीजी. चेंजओव्हरचा इंटरलॉक (लाईन आणि डीजी एकदम लागू न देणारी अडकण) बिघडलेला असेल किंवा कुणी बायपास केलेला असेल आणि ऑफिसचा एसी बंद पडला म्हणून कुणी डीजी मारला, तर ४१५ व्होल्ट ट्रान्सफॉर्मरच्या एलटी बाजूला येतात आणि ट्रान्सफॉर्मर उलटा चालतो. ११०००/४३३ चा रेशो साधारण २५ चा, म्हणजे वरच्या बुशिंगवर साडेदहा हजार व्होल्ट. अहो नुसते ४० व्होल्ट जरी एलटीला कुठनं लागले तरी एचटीला हजार होतात, हे गणित पोरांकडनं कागदावर करून घ्यायचं, कारण ऐकलेलं विसरतं, स्वतः केलेलं राहतं.

सोलर. ग्रिड गेला की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो हे खरं, तशी सोय त्यात असतेच, पण त्या एका सोयीच्या भरवशावर माणूस चढवायचा नाही, एसी आणि डीसी दोन्ही बाजूचे आयसोलेटर (तोडायचे स्विच) खाली करून कुलूप. आणि पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंतची डीसी केबल ऊन आहे तोवर जिवंतच, म्हणजे सकाळी उजाडल्यापासनंच.

पीटी. हा ११ केव्हीचे ११० व्होल्ट करणारा मीटरिंगचा छोटा ट्रान्सफॉर्मर. रिले टेस्टिंगवाला किट लावून ११० व्होल्ट सेकंडरीत सोडतो, आणि पीटीचे फ्यूज काढलेले नसले तर प्रायमरीला ११ केव्ही तयार. दोन वेगळ्या टीम एकाच दिवशी एकाच यार्डात काम करतात तेव्हा हे होतं, एकजण क्युबिकलमध्ये आणि दुसरा खाली पॅनेलवर, आणि दोघांना एकमेकांचं काम माहीत नाही.

कपॅसिटर. सप्लाय गेला तरी चार्ज राहतो. आत डिस्चार्ज रेझिस्टर असतो, एचटीच्या कपॅसिटरला ७५ व्होल्टच्या खाली यायला १० मिनिटं धरतात, पण रेझिस्टरच तुटलेला असेल तर तासाभरानं पण चार्ज असतोच. लांब केबलचंही तेच, मेगर (इन्सुलेशनची टेस्ट) केल्यावर डिस्चार्ज न करता हात लावला तर जबरी बसतो.

शेजारची लाईन. आमच्या गेटसमोरनं दुसरा फीडर (उपकेंद्रातनं निघालेली लाईन) जातो, समांतर. बंद लाईनवर इंडक्शननं व्होल्टेज चढतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एबी स्विच उघडला तरी त्याच्या वरच्या बाजूचे जंपर जिवंतच असतात. खालची बाजू मेली, वरची नाही, आणि दोन्हीत अंतर हातभर. डबल पोलवर साफसफाईला चढणाऱ्या माणसाला हे खालीच बोट दाखवून सांगायचं.

हा कागद भरला की मग प्रत्येक वाटेसमोर लिहायचं, ही वाट कोण तोडणार, कुलूप कुठं लागणार, किल्ली कुणाच्या खिशात. जिथं उत्तर लिहिता येत नाही तिथं काम थांबलं.

निवृत्त_ऑपरेटर

मालक, चांगलं लिवलंय. मी उपकेंद्रात ऑपरेटर होतो, आता घरीच असतो, म्हणून माझ्या बाजूचं सांगतो.

पहिलं म्हणजे लाईन क्लिअर (लाईन बंद केलीय, काम करा ही परवानगी) फोनवर द्यायचं घ्यायचं असेल तर फीडरचं पूर्ण नाव, नंबर, आणि समोरच्यानं ते परत म्हणून दाखवायचं, दोन्हीकडं वहीत लिहायचं, वेळ टाकायची. एका ठिकाणी (नाव घेत नाही) दोन फीडरची नावं जवळपास सारखी, गावाच्या नावापुढं एकाला जुना आणि एकाला नवीन. घाईत एकानं म्हणलं, दुसऱ्यानं ऐकलं, बंद झाला भलताच. लाईनवरचा पोरगा शहाणा, त्यानं डिटेक्टर (वीज आहे का दाखवणारा) लावला आणि तो वाजला, म्हणून तो वाचला. त्या दिवसानंतर तिथं नावं बदलली, बदलायलाच पाहिजे होती आधी.

दुसरं, वेळ ठरवून काम कधीच करू नका. "पाच वाजता चालू करा, तोवर होतंय आमचं" असं म्हणतात लोक. इकडं कुणाचा पाना पडला, उशीर झाला, तिकडं ड्युटी बदलली, नवीन माणसानं वहीत पाच वाचलं आणि घेतला ब्रेकर. परमिट (कामाची लेखी परवानगी) ज्यानं घेतलं त्यानंच परत द्यायचं, त्याच्या सहीनं, माणसं मोजून, अर्थिंग (तारा जमिनीला जोडलेली वायर) काढून. तो माणूस आजारी पडून घरी गेला तर त्याच्या वरच्यानं जागेवर येऊन मोजायचं. वेळेचा काही संबंध ठेवायचा नाही.

तिसरं, एबी स्विच हा लोड तोडायला नाही. लोड आधी व्हीसीबीनं तोडायचा, मग एबी. चालू लोडवर एबी ओढला की असा आर्क (विजेचा जाळ) ओढला जातो की फाळ्याबरोबर (स्विचच्या पात्याबरोबर) लांब लांब येतो, खाली उभा राहणाऱ्याच्या अंगावर वितळलेलं तांबं पडतं. आणि एबी उघडल्यावर खालनं तिन्ही फाळे डोळ्यानं बघायचे. हँडल खाली आलं म्हणजे तिन्ही उघडले असं नसतं, एखादा चिकटून राहतो, पाईप पिळला जातो. व्हीसीबीत तर व्हॅक्यूमच्या बाटलीच्या आत काय झालं ते दिसतच नाही, म्हणून ब्रेकरची ट्रॉलीच बाहेर ओढायची.

तुमच्या डबल पोलचा एबी महावितरणचा असला तर तो त्यांच्या जनमित्रानंच (लाईनमननंच) उघडायचा हे पण पोरांना सांगा. आपला हात नाही लावायचा.

डिप्लोमा_ईई

दादा, काका, खूप उपयोगी. मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, ट्रेनिंगला एका प्लांटला जाते. तिथं यार्डात पिवळी लाईन मारलेली आहे आणि तिच्या आत जायचं नाही एवढंच सांगितलं, का ते कुणी सांगत नाही. ११ केव्ही हवेतनं इतक्या लांब उडी मारतं का? आमच्या पुस्तकात हवेची ताकद एका मिलिमीटरला ३ केव्ही दिलीय, त्या हिशोबानं तर काही मिलिमीटरच येतात.

अक्कलकोट_रोड

ताई फार चांगला प्रश्न. तुमचा हिशोब बरोबर आहे, ११ केव्हीची उडी सेंटीमीटरच्या आसपास, टोकदार भाग असला की थोडी जास्त. मग नियमात यार्डातल्या उघड्या जिवंत भागापासून काम करायच्या जागेपर्यंत २.६ मीटर का? ३३ केव्हीला किती आहे बघा, २.८. व्होल्टेज तिप्पट झालं आणि अंतर वाढलं फक्त २० सेंटीमीटर. म्हणजे त्या २.६ मध्ये विजेचा वाटा थोडा, बाकी सगळा माणसाचा. माणूस उभा राहून हात वर करतो, हातात पाना असतो, पाय घसरतो, कुणी हाक मारली की वळतो, ते सगळं त्यात धरलंय. व्होल्टेज फार वाढलं की मग विजेचा वाटा मोठा होतो, ८०० केव्हीच्या वर्गाला हेच अंतर १०.३ मीटर आहे.

म्हणून यार्डात धोका बघताना मी पोरांना सांगतो की उभं राहिलेल्या माणसाचं अंतर मोजू नका, तो करणार असलेल्या कामाचं मोजा. शिडी आडवी नेताना, पत्रा नेताना, मोजमापाची लोखंडी टेप ओढताना किती जागा लागते. शिडी दोघांनी धरून आडवी, खांद्याच्या खाली, आणि ती ॲल्युमिनियमची असूच नये.

ऊसपट्टा

मी साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन. आमच्याकडं कोजन (कारखान्यातच वीज बनवणं) आहे त्यामुळं वाटा मोजायचा तुमचा कागद आमच्यात जास्तच भरतो. आम्ही वीज घेतो पण आणि देतो पण. हंगामात टर्बाइन चालू, ग्रिडकडनं पण आलेली, मधला ब्रेकर दोन्ही बाजूनं जिवंत. एका बाजूनं बंद करून भागत नाही, दोन्हीकडचे आयसोलेटर आणि दोन्हीकडं अर्थिंग, काम त्या दोन अर्थिंगच्या मध्ये. ज्या बाजूनं वीज येऊ शकते त्या प्रत्येक बाजूला अर्थिंग पाहिजे, हे आमचे साहेब परमिटवर चित्र काढून दाखवतात, सिंगल लाईन डायग्रामवर लाल पेन्सिल. शब्दात लिहिलेलं परमिट ते घेतच नाहीत.

दुसरं बगॅस, म्हणजे उसाचा चोथा. उडून सगळीकडं बसतो, इन्सुलेटरवर, पॅनेलच्या आत. कोरडा असतो तोवर काही नाही, पण पहिला पाऊस नुसता शिंतडला ना की तो ओला होतो आणि इन्सुलेटरवरनं फ्लॅश. जोराचा पाऊस आला तर धुऊन निघतं, शिंतोडे जास्त वाईट. तुमच्याकडं कापसाचे तंतू तसेच बसत असतील.

आणि एक गोष्ट यार्डाच्या बाहेरची पण सांगतोच. ऊसाच्या ट्रॉल्या. शेतातनं जाणाऱ्या ११ केव्हीच्या उघड्या तारेला जमिनीपासून ४.६ मीटर पाहिजे असं आहे, रस्ता ओलांडत असेल तर ६.१. ट्रॉली शिगेला भरली की मोळ्यांचाच माथा चार मीटरच्या आसपास जातो, त्यावर पोरगं उभं राहिलं दोर बांधायला की संपलं. आणि तारेला झोळ आलेला असेल तर मोळ्याच लागतात. हंगाम सुरू व्हायच्या आधी आम्ही वाहतुकीच्या ड्रायव्हर लोकांना गेटवर बोलवून सांगतो, तारेखाली ट्रॉली भरायची नाही, बांधायची नाही, उभी पण करायची नाही. तार गाडीवर पडली तर आतच बसून राहायचं, कुणी जवळ यायचं नाही. गाडीनं पेट घेतला तरच उतरायचं आणि ते पण पायरी पायरीनं नाही, दोन्ही पाय जोडून उडी, गाडीला आणि जमिनीला एकदम हात लागता कामा नये, मग पाय न उचलता घासत घासत लांब जायचं.

डिप्लोमा_ईई

घासत का पण? पळालं तर लवकर लांब जाता येईल ना.

निवृत्त_ऑपरेटर

पोरी, तार जमिनीवर पडली की तिच्याभोवती जमिनीत व्होल्टेज पसरतं, तारेपाशी सगळ्यात जास्त आणि लांब जाल तसं कमी. पळताना एक पाय इथं आणि दुसरा मीटरभर पुढं, दोन पायात फरक पडतो आणि करंट एका पायातनं वर दुसऱ्यातनं खाली. पाय जवळ जवळ असले की फरक थोडा. जनावरं यातच मरतात, बैलाच्या पुढच्या मागच्या पायात अंतर जास्त आणि मध्ये काळीज. निदान दहा मीटर लांब राहायचं आणि १९१२ ला फोन लावायचा. तार शांत पडलीय, ठिणगी नाही, म्हणून मेलीय असं समजू नका. कोरड्या मुरमावर पडलेली तार ब्रेकर पाडेलच असं नाही, करंट कमी जातो, रिलेला कळतच नाही.

यार्डात खडी टाकतात ती यासाठीच. दिसायला चांगलं म्हणून नाही. खडी पायाखाली रेझिस्टन्स वाढवते. तिच्यात माती भरली, गवत उगवलं की तो गुण गेला. त्यामुळं मालक तुमच्या साफसफाईच्या यादीत खडी पण घ्या. आणि अर्थपिट, म्हणजे अर्थिंगचा खड्डा. आपल्याकडं उन्हाळ्यात जमीन भेगाळती, पिट कोरडे ठणठणीत, रेझिस्टन्सची व्हॅल्यू वाढती. पाणी घालायचं काम वॉचमनला नेमून द्या आणि शटडाऊनच्या दिवशी मोजून घ्या, मे मधली व्हॅल्यू हीच खरी, पावसाळ्यात सगळ्यांचीच चांगली येते.

ठेका_कामवाला

मी एचटीची कामं घेतो, सोलापूर, बार्शी, तुळजापूर साईडला. वरचं सगळं मान्य आहे पण प्रत्यक्षात पार्टी सकाळी नऊला शटडाऊन देते आणि एकला लाईन पाहिजे म्हणते. त्यात परमिट, कुलूप, डिटेक्टर, अर्थिंग, परत काढणं यातच तास जातो. पोरं अनुभवी असली, चांगले हातमोजे घातले, मॅट टाकली की काम सुरक्षितच होतं. इतकं ताणायची गरज नाही असं माझं मत.

अक्कलकोट_रोड

दादा तुमची अडचण खरी आहे आणि ती आमच्यासारख्या पार्ट्यांमुळंच आहे हे पण मान्य. चार तासाचं शटडाऊन मागायच्या ऐवजी सहा तासाचं मागणं हे मॅनेजमेंटचं काम, ठेकेदाराच्या पोरांनी जिवावर घेऊन तो वेळ भरून काढायचा नसतो. मी आमच्याकडं ते लेखी मागितलंय, आणि काम सकाळी सहाला सुरू करतोय. आपल्याकडं मे मध्ये दुपारी ४२-४३ डिग्री, यार्डात खडीवर आणखी, घामानं हातमोजे ओले, हेल्मेट काढून ठेवलेलं, डोकं चालत नाही. अकराच्या आत वरचं काम संपवायचं.

पण हातमोज्याबद्दल मी सहमत नाही. हातमोजा हा सगळ्यात शेवटचा आधार आहे. आधी वीज काढून टाकणे, मग कुलूप आणि आडोसा, मग परमिट आणि सुपरवायझर, आणि हे सगळं करून जे उरतं त्याच्यासाठी हातमोजा. तुम्ही तो पहिला धरताय. ११ केव्हीला क्लास २ चा हातमोजा लागतो, १७००० व्होल्टपर्यंतचा, त्यावर चामड्याचा, आणि रबराची लॅबमधनं दर सहा महिन्यांनी टेस्ट. साईटवर बघा काय असतं, जीपच्या डॅशबोर्डवर उन्हात वाळलेला, बोटाच्या बेचक्यात चिरलेला, क्लास कुठला ते पुसून गेलेलं. घालायच्या आधी मनगटाकडनं गुंडाळत हवा कोंडून गालाजवळ धरायचा, हवा सुटली की फेकून द्यायचा, आणि फेकताना कापून फेकायचा म्हणजे दुसरा कुणी उचलणार नाही.

मॅटचं पण. आयएस १५६५२ ची बी क्लासची मॅट ११ केव्हीसाठी असते, अडीच मिलिमीटरची. बाजारात काळं रबर कुठलंही मिळतं, मागं छापलेलं वाचल्याशिवाय घ्यायचं नाही. आणि मॅट पॅनेलसमोर उभं राहणाऱ्याला उपयोगी, दोन फेजच्या मध्ये हात गेला तर मॅट काय करणार, करंट जमिनीत जातच नाही, एका हातातनं दुसऱ्या हातात.

आणि आर्कला हातमोजा, मॅट दोन्ही पुरत नाहीत. आर्कची उष्णता कातडीवर एका चौरस सेंटीमीटरला १.२ कॅलरी इतकी पोचली तरी फोड येतात, ब्रेकरजवळच्या आर्कमध्ये त्याच्या कितीतरी पट असते. टेरिकॉट, पॉलिस्टरचा शर्ट वितळून कातडीला चिकटतो. सुती पण पेटतो, त्यासाठीचा खास सूट असतो तोच घालायचा, तरीपण आतनं सुती बनियन आणि सुती पँट सक्तीची करा, निदान चिकटणार तरी नाही. व्हीसीबीची ट्रॉली आत बाहेर करताना दार बंद ठेवून करायची, आणि माणसानं समोर नाही, बाजूला उभं राहायचं.

ठेका_कामवाला

सहा तासाचं लेखी मागता हे बरं वाटलं. असं कुणी मागत नाही. हातमोज्याचं पटलं, आमच्याकडचे तपासतो. डिटेक्टरबद्दल विचारायचं होतं, पोरं पेनासारखा तो खिशातला टेस्टर लावतात, केबलला टेकवला, नाही वाजला, म्हणजे मेली. चालतं का?

निवृत्त_ऑपरेटर

आजिबात नाही. अंडरग्राउंड एचटी केबलला आत तांब्याचं स्क्रीन असतं आणि ते अर्थ केलेलं असतं, बाहेरनं कुठलाच डिटेक्टर वाजत नाही, आत ११ केव्ही असलं तरी. केबल कापायची असेल तर लांबनं टोचायचं हत्यार येतं ते वापरतात, हॅक्सॉ घेऊन बसायचं नाही. खिशातला पेन घरातल्या २३० व्होल्टचा, आणि निऑनचा स्क्रूड्रायव्हर टेस्टर तर यार्डात आणायचाच नाही, तो एचटीला लावणारा सांगायला राहत नाही.

११ केव्हीचा डिटेक्टर काठीवरचा येतो. आधी तो जिवंत जागेवर किंवा त्याच्या टेस्ट बटणावर वाजवून बघायचा, मग आपल्या तिन्ही फेजवर, प्रत्येकीवर, आणि मग परत वाजवून बघायचा. शेवटचं सगळे विसरतात. मधल्या वेळात सेल उतरला असला तर कळायला दुसरा मार्ग नाही.

मग अर्थिंग. डिस्चार्ज रॉडची क्लॅम्प आधी अर्थ पट्टीला घट्ट, रंग खरवडून, आणि मग रॉड तारेला. काढताना उलटं, आधी तारेवरनं, शेवटी अर्थवरनं. उलट केलं तर वायर हातात आणि चार्ज तिच्यातनं तुमच्यात. आणि तिन्ही फेज शॉर्ट करून अर्थ, एकच नाही. कुणी चुकून लाईन घेतलीच तर तिकडं ब्रेकर ताबडतोब पडला पाहिजे, त्यासाठी ती वायर पण जाड हवी, बारकी वायर वितळून जाते आणि मग पुढचं सांगायला नको.

सिव्हिल_सिस्टर

मी नर्स आहे, विजेचे पेशंट येतात त्यामुळं राहवत नाही म्हणून लिहिते. तुमच्या कागदावर एक गोष्ट दिसली नाही, माणूस चिकटला तर कोण काय करणार.

जवळ जाऊन ओढायचं नाही. एलटीला लोक कोरडं लाकूड म्हणतात ते एचटीला चालत नाही, सप्लाय बंद झाल्याची खात्री होईपर्यंत लांबच. त्यामुळं काम चालू असताना ब्रेकरपाशी एक माणूस बसवून ठेवा ज्याला दुसरं काही काम नाही. सुटल्यावर हाक मारा, श्वास बघा. श्वास नसेल किंवा नुसता आचके दिल्यासारखा असेल तर १०८ ला फोन एकानं लावायचा आणि दुसऱ्यानं लगेच छाती दाबायला लागायचं, मधोमध, मिनिटाला १०० ते १२०, पाच सेंटीमीटर आत जाईल इतकं जोरात, तीस दाबण्यांनंतर दोन श्वास, जमत नसेल तर नुसतं दाबत राहा. विजेनं काळीज थरथरत थांबलेलं असतं, बाकी शरीर चांगलं असतं, तरुण पोरं असतात, लगेच दाबलं तर वाचतात. मातीत पुरणं, अंग चोळत बसणं, पाणी पाजणं यात ती मिनिटं जातात. खांबावर सेफ्टी बेल्टच्या झुल्यात अडकलेला असेल तर खाली कसा आणायचा हे पण आधी ठरवून ठेवा.

आणि जो स्वतः उठून बसला, म्हणतो मला काही नाही झालं, त्याला घरी पाठवू नका. एचटीचा जळालेला डाग बाहेरनं रुपयाएवढा असतो, हाताला एक आणि पायाला एक, आणि आतनं स्नायू शिजलेले असतात. लघवी गडद, चहासारखी होते, किडनीवर जातं. ईसीजी काढून देखरेखीखाली ठेवायला लागतं. जळालेल्या जागेला पेस्ट, हळद, शाई काही लावू नका, स्वच्छ कापड गुंडाळून आणा, अंगठी, कडं, घड्याळ आधीच काढा कारण सूज येते. किती व्होल्टचं होतं आणि किती वाजता लागलं ते सांगणारा एक माणूस बरोबर पाठवा, आम्हाला फार उपयोग होतो त्याचा.

अक्कलकोट_रोड

सिस्टर मनापासून आभार. ब्रेकरपाशी रिकामा माणूस हे यादीत घातलं. आणि आदल्या दिवशी छाती दाबायचं शिकवायला कुणी येऊ शकेल का याची पण चौकशी करतो. अपघात झाला तर विद्युत निरीक्षकांना २४ तासात कळवायचं असतं, हे पण पोरांना सांगतोय, लपवायचं नाही.

जुळे_सोलापूर

थोडं वेगळं विचारतो. आमच्या घरासमोरनं ११ केव्हीची तार जाते, घर आधी एक मजली होतं, आता वर मजला चढवतोय. मिस्त्री म्हणतो गॅलरी तीन फूट बाहेर काढू, तारेला प्लास्टिकचा पाईप घालू. चालेल का?

निवृत्त_ऑपरेटर

मिस्त्रीला थांबवा आजच. ११ केव्हीच्या तारेपासून बांधकामाच्या सगळ्यात जवळच्या भागाला आडवं १.२ मीटर पाहिजे, आणि तार वरनं जात असेल तर उभं ३.७ मीटर. हे तार वाऱ्यानं हलून जास्तीत जास्त जवळ येईल तेव्हाचं अंतर. प्लास्टिकच्या पाईपला काही अर्थ नाही, तो इन्सुलेशन नाही, उलट माणूस निर्धास्त होतो. गॅलरीत पोरगं उभं राहणार, ओली चादर झटकणार, काठीनं पतंग काढणार.

आणि बांधकाम चालू असतानाचाच धोका मोठा. सळई. बारा मीटरची सळई खालनं वर उभी चढवताना माणूस फक्त टोक धरतो आणि दुसरं टोक कुठं जातंय हे त्याला दिसतच नाही. सेंट्रिंगचे पाईप, काँक्रीटच्या पंपाची बूम, सगळं तेच. महावितरणच्या ऑफिसला अर्ज द्या, लाईन सरकवायला किंवा केबल करायला खर्च येतो, तो भरा. लाईन सरकेपर्यंत त्या बाजूला सळई चढवू नका, मागच्या बाजूनं चढवा.

मंद्रूपचा_शेतकरी

आमच्या रानावरनं ती मोठी लाईन गेलीया. खाली तारेच्या कुंपणाला हात लागला की मुंग्या येतात, ट्रॅक्टरला पण कधी कधी. लाईनीतनं गळती हाय का? पोरं घाबरत्यात.

अक्कलकोट_रोड

काका, आपल्या भागात ७६५ आणि ४०० केव्हीच्या लाईन आहेत. गळती नाही ती. लाईनखाली विजेचं क्षेत्र असतं, त्यानं जमिनीपासून तुटलेल्या लोखंडावर चार्ज चढतो, कुंपणाचे खांब लाकडाचे किंवा दगडी असले, ट्रॅक्टर रबरी टायरवर असला की तो चार्ज उतरत नाही, तुमचा हात लागला की तुमच्यातनं उतरतो. मगाशी इंडक्शन म्हणलं ते याच जातीचं.

कुंपणाची तार ठिकठिकाणी लोखंडी रॉड ठोकून जमिनीला जोडून घ्या, लांब कुंपण असेल तर मध्ये मध्ये तोडून प्रत्येक तुकड्याला वेगळा रॉड. कुंपणाला काही जोडायच्या आधी एकदा लाईनच्या ऑफिसला पण कळवा, ते येऊन बघतात. लाईनखाली ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरू नका, कडब्याची गंजी लावू नका, बोअरची गाडी उभी करू नका, ॲल्युमिनियमचे पाईप उभे धरून नेऊ नका, आडवेच न्यायचे. मुंग्या जाऊन झटका बसायला लागला तर मात्र कुंपण कुठंतरी शेतीपंपाच्या वायरला लागलंय का ते आधी बघायचं, फ्यूज काढून, कारण ते खरं मारणारं असतं.

डिप्लोमा_ईई

मी आज ट्रेनिंगच्या ठिकाणी तुमचा वाटा मोजायचा कागद भरून बघितला. सात निघाल्या, आणि एक तुमच्या यादीत नाही. तिथं कंट्रोल पॅनेलला बॅटरीची ११० व्होल्ट डीसी आहे, व्हीसीबीची ट्रॉली बाहेर काढली तरी कंट्रोलचा प्लग जोडलेला असला आणि ब्रेकर ओढणारी स्प्रिंग चार्ज (ताणलेली) असली तर ब्रेकर आपोआप क्लोज होऊ शकतो, आत हात असला तर बोटं जातील. तिथल्या सरांनी प्लग काढून, स्प्रिंग सोडून दाखवली.

अक्कलकोट_रोड

बरोबर ताई, ती घालायलाच पाहिजे, मी एचटी बुशिंगपुरताच विचार करून यादी केली होती. क्युबिकलच्या कामासाठी वेगळा कागद करतो, त्यात डीसी आणि स्प्रिंग पहिल्या ओळीत. तुमच्या सातही वाटा जमल्या तर इथं लिहा, ठेकेदार दादांना पण त्यांच्या पोरांसाठी लागतील.

ठेका_कामवाला

हो ताई लिहा. आमचं पुढचं काम ३३ केव्हीचं आहे, दोन सोर्सचं, तिथं आधी पोरांकडनं भरून घेतो.